फुगवायची कयाक: उजनीचं पाणी, भाट्याची खाडी आणि आठ महिन्यांचा वापर

सोलापुरात कयाक घेतली म्हटलं की पहिला प्रश्न, "पाणी कुठाय?" पाणी भरपूर आहे. हिप्परगा तलाव शहराला लागून, आणि टेंभुर्णीच्या पुढं उजनीचा यशवंतसागर. अडचण होते ठेवायच्या जागेची. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर टणक कयाक चढवणार कशी आणि ठेवणार कुठं? म्हणून फुगवायची घेतली. दोन सीटची, पीव्हीसीची, पंप आणि वल्ही धरून पंधरा हजारांच्या आत. ऑक्टोबरात आली, आता मे संपतोय. वापर फक्त गळानं मासे धरायला, त्यामुळं फॅमिली पिकनिकवाल्यांना यातलं निम्मं उपयोगाचं नाही.

दोन सीट हा कागदावरचा हिशोब. मागची सीट काढून तिथं क्रेट ठेवला तर एक माणूस, दोन रॉड, डबा आणि पाणी एवढंच नीट मावतं. मेहुणे एकदा सोबत बसले तेव्हा गुडघे पाठीला लागत होते आणि गळ कुणाच्या कानात अडकेल याचाच घोर.

आपल्याकडं या होडीचा खरा वैरी पाण्यात नसून काठावर असतो. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, तिथं पीव्हीसीची काय कथा. घरातली जुनी सोलापुरी चादर मी डिकीतच ठेवलीय. ती दुहेरी अंथरायची, त्यावर फुगवायची आणि चादरीसकट ओढत पाण्यात न्यायची. उजनीत धरणाच्या पोटात गेलेल्या झाडांची खोडंही आहेत. पाणी उतरलं की ती वीतभर खोलीवर येतात, दिसत मात्र नाहीत. आतापर्यंत दोन छिद्रं पडली. साबणाचं पाणी फिरवलं की बुडबुडा जागा दाखवतो. मग बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, पुसून कोरडं करायचं, पीव्हीसीचा गोंद लावून ठिगळ दाबायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. घाईनं लावलेलं ठिगळ पहिल्याच उन्हात कडेनं उचकटतं. चिलापीचे काटे आणि शिंगाड्याच्या कल्ल्यामागचा काटाही तितकाच वाईट, म्हणून मासा थेट बादलीत.

ऊन हा दुसरा विषय. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर असताना घट्ट फुगवलेली कयाक काठावर ठेवून चहाला जाऊ नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण ताणते. मी थोडी ढिली ठेवतो, पाण्यात गेल्यावर ती आणखी नरम पडते, मग चार पंप मारतो. सोबत आलेला हातपंप चालतो, पण झडपेत मुरमाचा कण अडकला की बारीक सूं ऐकू येत राहतं. जुना टूथब्रश जवळ ठेवा.

वाऱ्याबद्दल कंपनीच्या पत्रकात एक ओळ नाही आणि सगळा खेळ त्याचाच आहे. ही कयाक हलकी, अंगानं उंच, म्हणून वारा तिला वाटेल तिकडं नेतो. तळाचं पातं लावलं नाही तर वल्हं मारलं की जागेवरच गोल फिरते. उजनीत पहाटे उतरायचं आणि नऊ-साडेनऊला काठावर यायचं, हा माझा नियम. वळवाच्या दिवसांत तर दुपारनंतर नावच नको. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, ते याच पाण्यात. लाइफ जॅकेट गरम होतं, घाम येतो, तरी अंगावरच असतं.

मासेमारीसाठी मात्र मजा आहे. काठावरून फेकून जिथं गळ पोहोचत नाही, त्या खोडांच्या रांगेशी गुपचूप जाता येतं. इंजिन नाही, खडखड नाही. कणकेच्या गोळ्याला चिलापी, गांडुळाला वाम. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या बोयांपासून लांब राहायचं आणि गावात आधी विचारायचं, मग कोणी काही म्हणत नाही. उलट मासा कुठं बसलाय ते सांगतात. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी तळाच्या मृत साठ्यात उतरलं, की मात्र हाल. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. असं झालं की पाण्यापर्यंत नुसता चिखल तुडवायचा, खांद्यावर पंधरा किलोचा बोजा.

फेब्रुवारीत ती सांगोला, मिरज, आंबा घाट करत रत्नागिरीला नेली, भाट्याच्या खाडीत. हवा होता भाकस, तो चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला मासा. लेपही चपटीच, पण तिचं तोंड बारीक, ती बहुतेक जाळ्यातच येते. भाकसाचा जबडा मोठा, दात तीक्ष्ण. तो वाळूत अंग पुरून दबा धरतो आणि ओहोटीला पाण्याबरोबर वाहत येणारं खाणं टिपतो. त्यामुळं वाळूचा उथळ पट्टा जिथं खोल होतो, त्या कडेवरून होडी वाहू द्यायची. शिसं तळाला टक टक लागत राहिलं पाहिजे, मागं कोळंबी नाहीतर बांगड्याची पट्टी. तो चावतो तेव्हा झटका येत नाही, गळाला ओली गोणी लागल्यागत जड होतं. दोन श्वास थांबून मग ओढायचं. एक मिळाला, तव्यात मावेल एवढा. रत्नागिरीच्या मित्राच्या आईनं तो तिरफळ घालून केला, त्यावर मी काय बोलणार!

पण खाडीला ही होडी पुरत नाही. ओहोटीचा ओढा मुखाकडं खेचतो आणि वल्हं कमी पडतं. जोर ओसरल्यावरच उतरलो, मुखापासून बराच आत राहिलो. नांगराची दोरी नाकालाच बांधायची, बाजूला बांधली तर ओढ्यात उलटायची भीती. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुतली, तरी वल्ह्याचा अॅल्युमिनियमचा जोड मिठानं धरलाच. तो सुटायला खोबरेल आणि शेजारचे काका दोन्ही लागले.

तलाव-धरणासाठी, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, पाचपैकी चार. समुद्राच्या नावानं घेत असाल तर दोन, आणि त्या पैशात खाडीवरच्याच कुणाची होडी माणसासकट भाड्यानं घ्या. सोबतची वल्ही हलकी आहेत, ती पहिल्याच महिन्यात बदला. तळाचं पातं जादा मागवून ठेवा, माझं खोडाला लागून वाकलंय आणि सुटं मिळायला तीन आठवडे लागले.