असेंबल्ड पीसी: कामात ठणठणीत, रिकामा बसला की आडवा

दिवाळीत नेरूळच्या घरी एडिटिंगसाठी डेस्कटॉप असेंबल करून घेतला. एएमडीचा रायझेन 5 5600 प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, 16-16 जीबीच्या दोन रॅम, 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी. लग्नाचे व्हिडिओ हा माझा धंदा, आणि त्या कामात या मशीनने कधीच दगा दिला नाही. रात्रभराचं रेंडर विनातक्रार. गोम निराळीच होती. रेंडर संपलं, मी जेवायला उठलो, की परत येईपर्यंत पडदा काळा. पंखे फिरतायत, कॅबिनेटचे रंगीत दिवे झगमगतायत, पण कीबोर्डवर नमलॉक दाबलं तर त्याचा दिवा ढिम्म. म्हणजे नुसता मॉनिटर झोपलेला नाही, अख्खं मशीन गोठलंय. कधी आपणहून रीस्टार्ट होऊन लॉगिनवर येऊन बसलेलं.

दुकानदाराने नेहमीचे उपाय केले. रॅम काढून खोडरबरने घासली, विंडोज नव्याने टाकलं, वर सल्ला: "साहेब, तुमच्याकडे लाइट वरखाली होते, यूपीएस घ्या." घेतला. फरक शून्य. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 मध्ये एकही एरर नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम तापवणाऱ्या टेस्टही पास. दुकानात तर ते कधी बंद पडायचंच नाही. तिथे त्याला रिकामं बसू देतो कोण?

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी कर्नल-पॉवर 41 ही नोंद. ही नोंद दिसली की लोक लगेच पॉवर सप्लायला (भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा) फाशी देतात, पण तिचा अर्थ एवढाच की विंडोज रीतसर बंद झालं नाही. मला महत्त्वाचा वाटला तो तपशिलातला बगचेक कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनच्या एररचा नंबर: 0. ब्लू स्क्रीन यायलाही सवड मिळाली नव्हती.

काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेच्या सी6 अवस्थेत जातो आणि 12 व्होल्टच्या लाइनवरून अगदी चिमूटभर करंट ओढतो. इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर 2013 मध्ये आले तेव्हाच हे दुखणं चर्चेत आलं होतं. झोपेतली त्यांची भूक 0.05 अँपिअरवर आली होती. जुन्या धाटणीच्या सप्लायमध्ये 12 आणि 5 व्होल्टची लगाम एकच असते, त्यामुळे एका बाजूचा भार गेला की व्होल्टेज भरकटतं. एटीएक्स या पीसी सप्लायच्या मानकाप्रमाणे 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 मध्ये राहायला हवी. सप्लायवरचा 80 प्लसचा स्टिकर याबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) 'एएमडी सीबीएस' या मेनूखाली 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' आहे. ते ऑटोवरून 'टिपिकल करंट आयडल' केलं आणि गोठणं थांबलं. रिकाम्या वेळी मशीन थोडी जास्त वीज खातं, एवढंच. तरी हा उपाय तात्पुरताच मानला. दुकानदाराशी घासाघीस करून, वरचे पैसे भरून, डीसी-टू-डीसी बनावटीचा, म्हणजे 12 आणि 5 व्होल्टची लगाम वेगवेगळी असलेला सप्लाय बसवून घेतला आणि सेटिंग मुद्दाम परत ऑटोवर टाकलं. तेव्हापासून रात्रभर मोकळं ठेवतो, अख्खा पावसाळा गेला, एकदाही पडलं नाही.

बाकी बिल्डबद्दल तक्रार नाही. 5600 सोबत मिळणारा कूलर मात्र रेंडरला बसला की जरा जास्तच घोंगावतो. बजेटमध्ये बसत असेल तर पहिल्या दिवशीच बदला. खिडकीजवळ कॅबिनेट असेल तर पुढची जाळी दर महिन्याला काढून धुवा, आमच्याकडे बांधकामाची धूळ बेसुमार.