पोल टॅक्स की हीटिंगचा भत्ता: जास्त काय झोंबलं?

ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा पोल टॅक्स स्कॉटलंडात १९८९ला आला, इंग्लंड-वेल्समध्ये १९९०ला. कर घरावर नव्हे, डोक्यावर: एकाच गावात हवेलीतल्या उमरावाला आणि कचरा उचलणाऱ्याला सारखंच बिल. अगदी गरिबालाही २० टक्के भरणं आलंच. लोकांनी बिलं जाळली. ३१ मार्च १९९०ला ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. नोव्हेंबरात बाईंची खुर्ची गेली, १९९३ला करही.

२०२४मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी बहुतेक पेन्शनरांचा, घर गरम ठेवण्यासाठी मिळणारा २०० ते ३०० पौंडांचा हिवाळी भत्ता काढला. इथे दगडफेक नाही. (सत्तरीत कोण दगड उचलणार?) पण माझ्या मते हा राग जास्त पक्का होता. वर्षभरातच, जून २०२५मध्ये सरकार वाकलं: ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भत्ता परत मिळाला.