ऑनिंगची नवी एलईडी पट्टी: उजेडाला पैकीच्या पैकी, चिकटपट्टीला भोपळा

आमच्या कॅम्परच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) ऑनिंगला, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या कापडी छताला, आधीपासून जी एलईडी पट्टी होती ती ५०५० चिपवाली (५ × ५ मिलिमीटरचे दिवे), मीटरला ६० दिवे. ती एका झटक्यात गेली नाही, तीन-तीन दिव्यांनी गेली. १२ व्होल्टच्या अशा पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी एकेक साखळी असते. त्यातला एक दिवा मेला की बाकीचे दोघं धडधाकट असूनही अंधारात. शेवटी शेवटी ऑनिंग दात पडलेल्या तोंडासारखं हसत होतं, तेव्हा बदलायचं ठरवलं.

नवी घेतली ती सीओबी प्रकारातली (बारीक चिप खेटून बसवून वर एकच थर दिलेली), सिलिकॉनच्या नळीत बंद, आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा), रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. नवऱ्याला रिमोटवर रंग बदलणारी हवी होती. मी म्हटलं, लग्नाचा मांडव घालायचा असेल तेव्हा बघू. पिवळसर उजेडच हवा याला कारण आहे: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि किडे त्याच्यावर तुटून पडतात. पिवळ्यावर येतच नाहीत असं नाही, पण ताटात पडण्याइतके येत नाहीत.

उजेडाबद्दल तक्रारीला जागाच नाही. सीओबीमध्ये सुटे ठिपके दिसत नाहीत, अखंड रेघ दिसते. खुर्चीत मागे रेलून वर पाहिलं तरी डोळ्यांत टोचत नाही. मीटरला १० वॅट म्हणजे आमच्या ४ मीटरला ४० वॅट, साधारण सव्वातीन अँपिअर. पूर्ण उजेडात चार तास ठेवली तर १३ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले वापरण्याजोगे निम्मेच धरायचे, म्हणजे त्यातला चौथा हिस्सा नुसत्या दिव्याला. त्यामुळे डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, ही चैन नाही. जेवताना आम्ही तिसऱ्या हिश्शावर ठेवतो आणि तेवढा उजेड पुरून उरतो.

आता भोपळ्याकडे येऊ. पट्टीच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टी लावून दिलेली आहे आणि पाकिटावर ‘सोला आणि चिकटवा’ असं चित्र. दुसऱ्याच सकाळी पट्टी खाली लोंबत होती. गंमत म्हणजे टेप ऑनिंगच्या केसला (कापड गुंडाळून राहतं त्या पेटीला) घट्ट चिकटलेलाच होता, नखानं खरवडावा लागला. सुटली होती ती पट्टी. सिलिकॉनला साधा गोंद धरतच नाही. आणि बनवणाऱ्यानं सिलिकॉनच्याच पाठीवर टेप लावून विकलाय! हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणून पट्टी डिफ्यूझरवाल्या (वर उजेड पसरवणारं दुधी झाकण असलेल्या) अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये, म्हणजे लांब खाचेत, बसवली. तिथं ती खाचेत अडकते, गोंदावर अवलंबून राहत नाही, शिवाय धातू उष्णताही ओढून घेतो. चॅनल लावला व्हीएचबी टेपनं (फार मजबूत दुहेरी चिकटपट्टी). केस आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, टेप अंगठ्यानं जोर देऊन दाबत जा आणि मग तीन दिवस त्याला हात लावू नका. हा टेप लगेच धरल्यासारखा वाटतो, पण पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. स्क्रूच्या भानगडीत मी पडले नाही. केसच्या आत कापडाची गुंडाळी असते, ड्रिल दोन मिलिमीटर जास्त गेलं की ऑनिंगला भोक. चॅनलची जाडीही आधी मोजा. ऑनिंग मिटल्यावर पुढचा दांडा केसमध्ये जाऊन बसतो, त्याच्या वाटेत चॅनल आला तर ऑनिंग मिटणारच नाही.

पाकिटातले दाबून बसवायचे कनेक्टर सरळ कचऱ्यात टाका. दमट हवेत त्यांच्या पितळी दातांवर हिरवट थर चढतो आणि दिवे लुकलुकायला लागतात. मी वायरी डाखल्या आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी) चढवली. आयपी६७ हा आकडा कारखान्यातून आलेल्या अखंड पट्टीचा असतो. तुम्ही कात्री लावली की तो आकडा संपला, टोक पुन्हा बंद करायलाच हवं. त्यासाठी सिलिकॉन घेताना न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला खातं. आणि वायर आत शिरते तिथं खालच्या बाजूला एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून गाडीत न शिरता तिथूनच ठिबकून जातं.

जुनी पट्टी का मेली याचा माझा अंदाज चार्जिंगवर आहे. बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतं. तीन एलईडी मिळून नऊएक व्होल्ट खातात, उरलेले रेझिस्टरच्या गळ्यात. १२ व्होल्टला ते तीन असतात, १४.४ ला पाचाच्या पुढे, म्हणजे विद्युतप्रवाह दीडपटीच्या वर जातो. अशा तापण्यात कुठली पट्टी टिकेल? या वेळी मध्ये व्होल्टेज १२ वरच धरून ठेवणारा स्टॅबिलायझर टाकलाय आणि बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज. पाकिटावर यातलं अवाक्षर नाही.

सोबत आलेला डिमर चालतो ठीक, पण उजेड कमी केला की रेडिओत खरखर येते, कारण तो दिवा मंद करत नाही, भराभर चालू-बंद करतो. डिमर अँटेनापासून लांब, बॅटरीच्या कप्प्यात हलवल्यावर खरखर कमी झाली. पूर्ण गेली नाही. नवरा हल्ली क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची असली की दिवा पूर्ण लावून बसतो.