३२ पाउंडांच्या रिकर्व्हवर ॲल्युमिनियम १८१६ आणि कार्बन ७००: मुंबईत उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

धनुष्य कोणतं घेऊ, हा प्रश्न आमच्या मैदानावर रोज कोणी ना कोणी विचारतं. बाण कोणते घेऊ, हे मात्र क्वचितच कानावर येतं. धनुष्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवणारी माणसं बाण मात्र ‘असतील ते द्या डझनभर’ म्हणून घेऊन येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाण दोरीवरून सुटला की धनुष्याचं काम संपलं. पुढचं सगळं शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, हातात. म्हणून हा अनुभव फक्त शाफ्टचा.

आधी माझं मोजमाप सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच तुमच्या उपयोगाचं नाही. माझं धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या बाहूवर, ३४ पाउंड (दोरी खेचायला लागणारा जोर) छापलंय, पण तो आकडा २८ इंचांच्या ड्रॉचा, म्हणजे खेचेच्या लांबीचा असतो. माझा ड्रॉ इंचभर कमी आहे आणि इंचामागे साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा दोरीत अडकवून क्लिकर (खेच पूर्ण झाली की टक वाजणारी पट्टी) वाजेपर्यंत खेचला, नवऱ्याने आकडा वाचला: साडेचौदा किलो. म्हणजे ३२ पाउंड. शाफ्ट निवडायला हाच आकडा लागतो, लिम्बवरचा नाही. बाणाची लांबी २८ इंच.

आता स्पाइन, म्हणजे शाफ्टचा ताठपणा. दुकानात सगळ्यात कमी विचारली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. शाफ्ट २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंडांचं, म्हणजे ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो किती वाकतो ते पाहायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००, पाऊण इंच वाकला तर ७५०. आकडा मोठा म्हणजे शाफ्ट लवचिक, लहान म्हणजे कडक. पण हा झाला टेकूवरचा वाक. धनुष्यातून सुटताना बाण किती वाकेल हे आणखी तीन गोष्टींवर ठरतं: धनुष्याचं पाउंडेज, शाफ्टची लांबी आणि पुढच्या टोकाचं, म्हणजे पॉइंटचं वजन. शाफ्ट लांब ठेवला किंवा पॉइंट जड लावला की तोच शाफ्ट जास्त लवचिक वागतो. हे एकदा डोक्यात बसलं की कंपनीचा स्पाइन चार्ट वाचायला कोणाची मदत लागत नाही.

उन्हाळ्यात सुरुवात केली ती ॲल्युमिनियमच्या १८१६ ने. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीने रूढ केलेल्या या आकड्यांत सगळी कुंडली असते: पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत, पुढचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे १८१६ चा व्यास १८/६४ इंच, सव्वासात मिलिमीटरच्या जरा आत. स्पाइन साडेसातशेच्या आसपास, माझ्या धनुष्याला नेमका बसणारा.

१८ आणि ३० मीटरला या शाफ्टने मला खूप दिलं. डझनभर बाण एकसारखे निघाले. सोनाराच्या छोट्या काट्यावर प्रत्येक तोलला, तयार बाण साधारण २३ ग्रॅमचा आणि आपसातला फरक जवळपास नाहीच. जाड शाफ्टचा १८ मीटरला आणखी एक फायदा म्हणजे जास्त गुणांच्या रिंगची रेघ पटकन शिवते. म्हणून तर जागतिक तिरंदाजी संघटनेने शाफ्टच्या व्यासाला ९.३ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. ज्यांचा सराव हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या आवारातल्या छोट्या रेंजवर होतो, त्यांनी दुसरं काही बघूच नये असं मी ठामपणे सांगेन.

उणं काय? वाकतो. बट्रेसच्या, म्हणजे टारगेटमागच्या गादीच्या, लाकडी चौकटीवर आदळला किंवा काढताना तिरका खेचला की गेला. डोळ्याला दिसणार नाही इतका वाक असतो, पण ग्रुपमध्ये, म्हणजे टारगेटवर बाण किती जवळजवळ बसतात त्यात, लगेच कळतं. ओळखायची रीत सोपी आहे. बाणाचं टोक तळहातावर टेकवायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या नखांची खाच करून त्यात शाफ्ट ठेवायचा आणि फुंकर मारून व्हेनवर, म्हणजे मागच्या पंखांवर, फिरवायचा. सरळ बाण नखांवर गुळगुळीत फिरतो. वाकलेला नखांवर टकटक नाचतो, आणि तळहाताला टोकाची थरथर जाणवते. मी असे बाण खडूची खूण करून वेगळे ठेवते. सरांकडे स्ट्रेटनर आहे, त्यावर बरेचसे परत सरळ होतात.

५० मीटरला मात्र १८१६ थकतो. एवढा जड बाण ३२ पाउंडांत न्यायचा म्हणजे साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन खाली उतरवत उतरवत थेट बाणाच्या वाटेत येते. त्यात दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा. जाड नळीला तो बाजूने ढकलतो आणि बाण हळू असल्यामुळे त्याला ढकलायला वेळही भरपूर मिळतो.

तिथे कार्बन ७०० घेतले; इथे ७०० हा थेट स्पाइनचाच आकडा. बारीक शाफ्ट, १०० ग्रेनचा (साधारण साडेसहा ग्रॅमचा) पॉइंट, तयार बाण १९ ग्रॅमच्या आसपास. चार ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण साइटची पिन लगेच वर सरकली. बाण बोटावर आडवा तोलून पाहिला, तर तोलबिंदू मध्यापासून लांबीच्या १३-१४ टक्के पुढे आला. १८१६ चा जेमतेम ८ टक्के होता. पुढे वजन असलेला बाण वाऱ्यात शेपूट लवकर सावरतो, हे ५० मीटरवर नजरेला दिसतं.

हे शाफ्ट मी न कापताच मागवले आणि सगळ्यांना सांगेन, असंच करा. कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही. व्हेन लावलेले तीन आणि बिनव्हेनचे दोन, असे १८ मीटरवरून मारायचे. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बिनव्हेनचा बाण ग्रुपच्या उजवीकडे पडला तर शाफ्ट लवचिक, डावीकडे पडला तर कडक. माझे अख्ख्या लांबीचे शाफ्ट चांगलेच उजवीकडे पडत होते. सरांच्या कटरवर अर्धा अर्धा इंच कमी करत २८ वर आलो, तेव्हा बिनव्हेनचे बाण ग्रुपच्या कडेला येऊन टेकले. उरलेला केसभर फरक प्लंजरची (बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या बटणाची) स्प्रिंग थोडी घट्ट करून काढला. कार्बन कापायला चक्रीचा कटरच हवा. करवतीने त्याचे तंतू उसवतात, आणि ती पूड नाकात जाऊ द्यायची नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कार्बनची एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून ती जरा सविस्तर लिहिते. ॲल्युमिनियम वाकतो, कार्बन वाकत नाही, तो तडकतो. तडकलेला शाफ्ट दोरीच्या धक्क्याने हातातच फुटू शकतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. बाण दुसऱ्या बाणावर किंवा चौकटीवर आदळला की मी तो दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलकेच वाकवते, थोडा फिरवते, पुन्हा वाकवते. जराशीही करकर ऐकू आली की तो बाण मोडून कचऱ्यात. ‘एवढी बारीक रेघ आहे, चालेल’ असं म्हणणाऱ्या मुलांना मी स्वतः अडवते. पॉइंट काढतानाही ज्योत शाफ्टला लावायची नाही. पॉइंटचं टोक तापवायचं, तेही थोडंच, नाहीतर तंतू धरून ठेवणारं आतलं रेझिन खराब होतं.

पावसाळ्यात मुंबईची हवा शाफ्टला नाही, पण बाकी सगळ्याला खाते. पॉइंटवर गंज चढतो. घरी आल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवते. चिकटपट्टीवर बसणारे गुंडाळीचे व्हेन दमटपणात सुटायला लागले, तेव्हा साधे प्लॅस्टिकचे लावले आणि तो प्रश्न मिटला. पिसं पावसात चिंब होऊन आडवी पडतात, ती हॉलसाठीच ठेवावीत. आमच्याकडे इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या देशी धनुष्याने, खेळणाऱ्या मुलांचे हाल मात्र बघवत नाहीत. लाकडी शाफ्ट ओल धरतात, आज सरळ असलेला आठवड्याने बाक धरतो. ती मुलं बाण रोज डोळ्यासमोर धरून तपासतात, आणि इतक्या कमी साधनांत जे ग्रुप मारतात त्याचं मला खरंच कौतुक आहे. लोकलच्या गर्दीत बाण नेताना कडक नळी घ्या. कापडी क्विव्हरमध्ये (भात्यात) ॲल्युमिनियम दादरपर्यंत सरळ पोहोचेल याची खात्री नाही.

माझा चुलतभाऊ टेक्सासला असतो, तिथे परवाना काढून कंपाउंडने (चाकं लावलेल्या धनुष्याने) हरणाची शिकार करतो. त्याचा आग्रह होता, “ताई, तू जड शाफ्ट घे, हलका बाण काय कामाचा?” त्याच्या जागी तो बरोबर आहे. शिकारीचं अंतर थोडं, पण बाण आत खोल शिरायला हवा, म्हणून ४००-५०० ग्रेनचा बाण, जाड भिंत आणि पुढे भरपूर वजन. शिवाय ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या धारदार टोकाची, पाती हवेत स्वतःच बाणाला वळवतात, म्हणून शाफ्ट धनुष्याला अगदी नेमका जुळलेला लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, ते योग्यच आहे, आणि पुठ्ठ्याच्या टारगेटला खोल जखम करायची गरज नसते. तेव्हा परदेशातले शिकारीचे व्हिडिओ पाहून शाफ्ट मागवू नका.

तेच थोडं आपल्या विजेत्यांबद्दल. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून मैदानावर मुलांची रांग लागली आहे आणि त्याचा आनंद शब्दांत मावत नाही. पण ते दोघं कंपाउंडवाले, ५० मीटरवर खेळणारे. त्यांचे कडक शाफ्ट २४ पाउंडांच्या रिकर्व्हवर चढवले तर बाण डावीकडेच पळत राहणार. ईस्टनच्या एक्स १० या शाफ्टचंही तसंच. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून रिकर्व्हमध्ये त्याचाच दबदबा आहे, पण तो ७० मीटरवर रोज शेकडो बाण मारणाऱ्याचा शाफ्ट. आई-बाबांनी त्यासाठी कर्ज काढू नये.

कमी किमतीच्या कार्बनबद्दल एक तक्रार. धोबीतलावच्या बाजारात फिरून, नंतर ऑनलाइन बघून जो दुसरा डझन घेतला, त्याच्या डब्यावर सरळपणा .००६ इंच, म्हणजे जास्तीत जास्त इतका बाक, लिहिला होता. सरळपणाने माझ्या पातळीवर काही बिघडलं नाही. बिघडवलं ते वजनाने. एकाच डब्यातले शाफ्ट काट्यावर इतके वेगळे भरले की सहा-सहाचे दोन गट करावे लागले. ५० मीटरवर एक गट वर, एक खाली. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला. आता मी शाफ्ट घेताना तीनच गोष्टी विचारते: सगळे एकाच बॅचचे आहेत का, तोलून देणार का, आणि पुढच्या वर्षी हाच शाफ्ट मिळेल का. बाण हरवतात, तडकतात. जोडीचे मिळाले नाहीत तर अख्खा संच बदलावा लागतो.

सध्या १८१६ चे आठ आणि पहिल्या कार्बनचे दहा वापरात आहेत. थंडीत १८ मीटरच्या स्पर्धांना १८१६, मैदानावर कार्बन. लिम्ब ३६ चे घेतले की कार्बन ६०० लागेल. तोपर्यंत नवीन काही घेणार नाही. कोणाला स्पाइन चार्ट वाचताना अडलं तर काट्यावरचे किलो आणि बाणाची लांबी, दोन्ही लिहून पाठवा.