‘अंडी देणारा ग्रुप’ म्हणून मला विकलेले सहा कोरी

मार्चमध्ये एका विक्रेत्याला मी १८,५०० रुपये दिले. स्टरबाय कोरीडोरास (थोडक्यात कोरी) या टाकीत पाळायच्या छोट्या माशांचा ‘अंडी देणारा ग्रुप’, म्हणजे दोन माद्या आणि चार नर, शिवाय तीन टाक्या आणि ‘दोन महिने चालवलेले’ स्पंज फिल्टर, असं सगळं त्यात येणार होतं. त्याने व्हिडिओ पाठवला होता. नारिंगी परांची मादी पोटाखालच्या परांत अंडी धरून काचेवर चिकटवत होती. मी त्याच रात्री पूर्ण पैसे पाठवले. मासे आधी डोळ्यांनी पाहायला हवे होते.

आलेले मासे जेमतेम तीन सेंटीमीटरचे. विचारलं तर म्हणाला, “दादा, ही जात एवढीच राहते.” हे धादांत खोटं आहे. स्टरबाय पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि अंड्यावर यायला त्याला साधारण वर्ष तरी लागतं. पिग्मियससारखे कोरी खरोखर अडीच सेंटीमीटरचे असतात, पण तो मासाच वेगळा. नर-मादी वरून बघून ओळखतात: मादी मधोमध रुंद, नर सडपातळ. माझे सहाही सारखेच दिसत होते, कारण ती पिल्लंच होती. मी मात्र पावसाळ्याचा भास व्हावा म्हणून थंड पाणी घालत अंड्यांची वाट बघत बसलो.

खरं नुकसान फिल्टरने केलं. स्पंज कोरा करकरीत होता. वापरात मुरलेला स्पंज तपकिरी होतो, पिळला की गढूळ पाणी सुटतं. मासे पाण्यात सोडतात तो विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वस्तीला असतात आणि नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. कोरी एरवीही मधूनच वर येऊन हवा गिळतात, म्हणून पहिल्या दिवशी मला काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ते सतत वर येऊ लागले. पाण्यातला अमोनिया तपासायचं टेस्ट किट आणेपर्यंत चार गेले. फोन केला तर, “तुमच्या पाण्यात दोष आहे.” त्यानंतर नंबर ब्लॉक.

असा सेट घेणार असाल तर मासे विक्रेत्याच्या चालू टाकीत पाहा, वरून पाहा, मिशा शाबूत आहेत का बघा. फिल्टर तुमच्यासमोर त्याच टाकीतून काढून ओला बांधून द्यायला सांगा. पैसे तिथेच द्या.

तो व्हिडिओ मी नंतर पुन्हा पाहिला. टाकीमागच्या भिंतीवरच्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी आहेत. आपल्याकडे गोल भोकं असतात. परवा एका ओळखीच्या मुलाने त्याला आलेला व्हिडिओ मला दाखवायला आणला, तोही तोच होता. विक्रेत्याचं नाव आणि नंबर तेवढे वेगळे. त्याने अजून पैसे पाठवले नव्हते.