पीएचपीचं फिल्टर एक्स्टेन्शन: बरीच वर्षं वापरून झाल्यावरचं माझं मत

वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेला डेटा तपासायला पीएचपीमध्ये (वेबसाइटचा सर्व्हरवर चालणारा कोड लिहायची भाषा) फिल्टर एक्स्टेन्शन आहे, त्यातली फिल्टर-व्हार (आपण दिलेली व्हॅल्यू तपासणारं) आणि फिल्टर-इनपुट (फॉर्मचं फील्ड थेट उचलून तपासणारं) ही जी फंक्शन्स आहेत ना, ती मी बरीच वर्षं वापरतेय. नवीन शिकणारे एकतर ती वापरतच नाहीत नाहीतर एकदा वापरली की आता सगळं सेफ झालं म्हणून निर्धास्त होतात, आणि दोन्ही बघून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

चांगलं आधी सांगते. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पीएचपीच्या 5.2 व्हर्जनपासून म्हणजे 2006 पासून हे एक्स्टेन्शन पीएचपीबरोबरच येतं. त्याच्या आधीचं वातावरण आठवा, रजिस्टर ग्लोबल्स नावाचं सेटिंग चालू असलं की यूआरएलमध्ये कोणी काहीही लिहावं आणि ते थेट आपल्या कोडमधलं व्हेरिएबल व्हावं, आणि मॅजिक कोट्स या दुसऱ्या सेटिंगमुळे प्रत्येक अवतरणचिन्हापुढे आपोआप बॅकस्लॅश. ही दोन्ही 2012 मध्ये 5.4 ला कायमची गेली ते फार बरं झालं. त्या मानाने फिल्टर-व्हार सरळ आहे, व्हॅल्यू द्या, काय तपासायचं ते सांगा, इंटिजर म्हणजे पूर्णांक असेल तर मिनिमम मॅक्सिमम पण तिथेच देता येतं. चेकबॉक्ससाठी बूलियनवालं (हो की नाही एवढंच तपासणारं) तर मला खूपच आवडतं, ऑन, येस, ट्रू, 1 सगळं बरोबर ओळखतं.

आता त्रास. नोकरीच्या अर्जाचा फॉर्म केला होता, त्यात किती वर्षांचा अनुभव असं फील्ड. काही लोकांना सारखा एरर, आकडा नीट भरा, आणि मला कारणच सापडेना, दोन दिवस गेले. शेवटी कळलं की ज्यांनी 0 भरलं त्यांनाच येतोय. फिल्टर-व्हार चुकलं की फॉल्स देतं आणि 0 बरोबर असलं की 0 देतं, आणि मी नुसतं इफ नॉट (उत्तर 'नाही' आलं तर एरर दाखव) लिहिलेलं, त्यात 0 आणि फॉल्स दोन्ही सारखेच! तीन बरोबरच्या चिन्हांनी (===, म्हणजे व्हॅल्यूबरोबर तिचा प्रकारही बघणारी तुलना) फॉल्सशी तुलना करायची, एवढंच होतं. पण नुकतं शिकून आलेल्या मुलांचेच अर्ज परत जात होते याचं मला फार वाईट वाटलं. फिल्टर-इनपुटमध्ये अजून एक, फील्ड आलंच नाही तर नल (म्हणजे काहीच नाही), आलं पण चुकीचं तर फॉल्स, हा फरक लक्षात ठेवावाच लागतो.

यूआरएलचं फिल्टर मात्र एकटं वापरू नका. ते फक्त रचना बघतं, सुरुवात एचटीटीपीनेच झालीये का ते बघत नाही, म्हणजे जावास्क्रिप्ट कोलन दोन स्लॅश अशी सुरुवात असलेलं पण पास होऊ शकतं आणि तीच लिंक तुम्ही पेजवर दाखवली की झालं, क्लिक करणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्याचा कोड चालू शकतो. पार्स-यूआरएल या फंक्शनने स्कीम (सुरुवातीचं एचटीटीपी वगैरे) वेगळी तपासायची. देवनागरी डोमेनला ते उलट सरळ नाही म्हणतं, त्याला फक्त आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) चालतं.

लांबी तपासायला तर यात काही नाहीच, ते आपलं आपण करायचं, आणि तिथे एसटीआर-लेन हे फंक्शन वापरलं की मराठीची पंचाईत, कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं. मराठी या शब्दाचे 15 येतात! एमबी-एसटीआर-लेन वापरलं तर 5 (काना, वेलांटी वेगळे धरून).

मजकूर साफ करायला सॅनिटाइज स्ट्रिंग नावाचं जे फिल्टर होतं ते 8.1 मध्ये डेप्रिकेट केलं (म्हणजे आता वापरू नका असं जाहीर केलं), आणि योग्यच केलं. मजकुरात लहान-पेक्षा चिन्ह (<) आलं की पुढचं वाक्यच गायब, अवतरणचिन्हांचे कोड होऊन डेटाबेसमध्ये बसायचे आणि मग तेच ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये तसेच दिसायचे. आलेला मजकूर आहे तसा ठेवा, डेटाबेसच्या क्वेरीत टाकताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि डेटा वेगवेगळे पाठवायची पद्धत), पेजवर दाखवताना एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स (एचटीएमएलची खास चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन). 8.1 च्या आधीच्या व्हर्जनवर असाल तर त्याला ईएनटी-कोट्स हा पर्याय स्वतः द्या, नाहीतर सिंगल कोट तसंच राहतं.

आणि ब्राउझरमध्ये फील्डला रिक्वायर्ड (भरलंच पाहिजे) लावलंय म्हणून सर्व्हरवर तपासायचं सोडू नका प्लीज, रिक्वेस्ट ब्राउझरशिवाय पण पाठवता येते.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. आकडे, ईमेल, चेकबॉक्स यांना बिनधास्त वापरा, यूआरएलला सांभाळून.