धुळ्यातील उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनासाठीचे मदत केंद्र : एका भावाचा अभिप्राय

धुळ्यात एक स्वयंसेवी संस्था चालवत असलेल्या या केंद्रात माझा धाकटा भाऊ एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, व्यसनासाठी जातो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध मिळते. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर मात्र तसे मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणूनच लघवीची तपासणी स्वच्छ आली, म्हणजे तीत नशेचा अंश सापडला नाही, की तिथल्या तिथे बक्षीस देण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे. अमेरिकेतील व्हरमाँट येथे संशोधक स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ती कोकेनच्या रुग्णांसाठी वापरली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ती सरकारी आरोग्य योजनेतून देण्यास सुरुवात केली.

येथे बक्षीस म्हणून किराण्याचे कूपन मिळते. सलग स्वच्छ तपासण्यांबरोबर त्याची रक्कम वाढत जाते. एकदा घसरले तर ती मूळ रकमेवर येते, पण केंद्राचे दार बंद होत नाही. ‘पैसे देऊन कुठे व्यसन सुटते का?’ असे आमच्या नातलगांनीही विचारले. नशेचा मोबदला मेंदूला क्षणात मिळतो, तर ती सोडण्याचा मोबदला महिनोन्‌महिने दिसत नाही. ही दरी लहानशा कूपनाने थोडी भरून निघते, असे माझे मत आहे.

केंद्राचे खरे बळ मात्र स्वतः या व्यसनातून गेलेल्या कार्यकर्त्यांत आहे. ‘भाऊ, रात्री झोप लागली का, जेवलास का?’ हे ते आधी विचारतात. मे महिन्यात खानदेशात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि मेफेड्रोनही शरीराचे तापमान वाढवते. त्यामुळे घेतलेच असेल तर दुपारच्या उन्हात कामाला जाऊ नये, पाणी पीत राहावे, सोबत दारू घेऊ नये आणि छातीत दुखल्यास किंवा अंग तापून भान हरपू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, हे ते न रागावता समजावतात. एवढे मोकळेपणाने बोलणारे दुसरे कोणी आम्हाला भेटले नव्हते.

महिला कार्यकर्ती एकही नाही, ही उणीव गंभीर आहे. त्याहून मोठा दोष तपासणीचा आहे: अॅम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजक द्रव्यासाठीच्या नेहमीच्या चाचणी पट्टीत मेफेड्रोन बहुधा सापडत नाही आणि येथे तीच पट्टी वापरतात. मेफेड्रोन ओळखणारी तपासणी उपलब्ध होईपर्यंत केंद्राने कूपन हजेरीवर द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.